पाठ बघणारे साडू

आमच्या साडूंइतका चकाकीवर जीव टाकणारा आणि त्याच चकाकीवर संशय घेणारा माणूस साऱ्या आखातात दुसरा सापडणार नाही. मी एका बांधकाम कंपनीत हिशेब तपासतो. पुराव्याशिवाय विधान करण्याची मला सवय नाही. सगळं आखात मी तपासलेलं नाही हे कबूल, पण दोह्यापुरतं मी लिहून द्यायला तयार आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे, धातुशास्त्र शिकलेले, आणि दोह्याच्या उत्तरेकडच्या एका गॅस प्लांटवर गंज शोधण्यात त्यांची सारी नोकरी सरली. ज्या पाइपवर गंज दिसतो त्याची त्यांना काळजी नसे. "गंज दिसतोय ना? मग तो प्रामाणिक आहे. त्याचा बंदोबस्त होईल. नवा रंग मारून चकचकीत केलेला पाइप दिसला, की मी तो आधी खरवडून बघतो," असं ते म्हणत. ही नोकरीतली सवय नोकरीतच राहिली असती तर आम्ही नातेवाईक सुखी झालो असतो. पण त्यांना एक छंद होता, आणि तो छंद या सवयीला नेमका येऊन मिळाला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये आणि आसपास ब्राँझच्या वस्तूंवर, म्हणजे घड्याळं, मेणबत्त्यांची झाडं, टेबलांच्या कोपऱ्यांवरच्या वेलबुट्ट्या, खुर्च्यांच्या पायातले सिंहाचे पंजे यांच्यावर, सोन्याचा मुलामा चढवत; त्या कामावर साडूंचं प्रेम बसलं होतं. ऑर्मोलू म्हणतात त्याला. साडू ते नाव इतक्या लाडानं उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्या लहानपणी घरात असल्या नावाचं मांजर असणार.

या छंदाला दोह्यासारखं गाव नाही. इथल्या मोठ्या घरांतल्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, फ्रेंच थाटाच्या खुर्च्या, हॉटेलच्या लॉबीत फ्रेंच थाटाची टेबलं, आणि फर्निचरच्या दुकानांत तर बघायलाच नको. सगळीकडे सोनेरी. साडू ते बघून आधी आनंदानं हळवे होत आणि लगेच बेचैन होत. मग ते वस्तूच्या मागे जात. त्यांचा सिद्धांत असा, की समोरून सगळंच सोन्याचं असतं. खरंखोटं पाठीवर कळतं. हल्ली वस्तू द्रावणात बुडवून विजेनं सोन्याचं पाणी चढवतात, त्यामुळे तिची पाठही पोटासारखीच सोनेरी निघते. जुना कारागीर सोनं पाऱ्यात कालवायचा, तो लेप हातानं, दिसेल तेवढ्याच भागाला लावायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जाई, सोनं राही. म्हणून अस्सल वस्तूची पाठ कच्ची, तपकिरी, कानशीच्या खुणांची असते आणि फक्त कडेनं सोन्याचे चार ओघळ मागे उतरलेले असतात. हे सगळं ते जेवणाच्या पंगतीतही समजावून सांगत. एकदा आमच्याकडे पाडव्याला पाहुणे जेवत होते आणि सोन्यापाऱ्याचा लेप दिसतो कसा, ते सांगताना साडूंनी वाटी उचलून दाखवली, "अगदी या श्रीखंडासारखा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती वाफ छातीत जायची. ते कारागीर बिचारे म्हातारे होतच नसत." त्या दिवशी श्रीखंड बरंच उरलं.

वस्तू न उचलता तिची पाठ बघता यावी म्हणून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला, दांडीचा छोटा आरसा ते खिशात बाळगत. सोबत भिंग आणि पेनाएवढा टॉर्च. वेस्ट बेमधल्या एका मोठ्या हॉटेलात कंपनीतल्या कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाची पार्टी होती. साडू नवऱ्यामुलाला शुभेच्छा द्यायला म्हणून गेले ते रांगेतून नाहीसे झाले. शोधलं तेव्हा लॉबीतल्या एका सोनेरी टेबलाखाली त्यांचे फक्त बूट दिसत होते. शेजारी नेपाळी सिक्युरिटी गार्ड वाकून उभा.

"सर, कुछ गिर गया क्या?"

"नहीं भाई," टेबलाखालून आवाज आला, "सोना चढाही नहीं, तो गिरेगा कहाँ से!"

माझ्या घरी आले तेव्हा दिवाणखान्यातलं माझं सोनेरी चौकटीचं घड्याळ त्यांनी भिंतीवरून उतरवलं, पालथं केलं, पुन्हा टांगलं आणि मला धीर दिला. "प्लास्टिक आहे. पण पाठीलाही प्लास्टिकच आहे. याच्यात कपट नाही." सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, जुन्या वस्तूंच्या दुकानदारानं तर त्यांना लांबून येताना बघूनच हात हलवायला सुरुवात केली होती. "नो बाबा, नो. यू नो बाय, यू ओन्ली लुक बॅक. खलास! यल्ला!" साडूंनी शुक्रन म्हणून त्याचे मनापासून आभार मानले आणि पुढचं दुकान गाठलं. त्यांना राग येत नसे, आणि दुसऱ्याला येतो हे त्यांच्या ध्यानात येत नसे. मदिनत खलीफा भागात एका ओळखीच्यांच्या व्हिलात गणपतीच्या दर्शनाला गेलो असताना आरासीतले मेणबत्त्यांचे स्टँड बघून त्यांनी यजमानीणबाईंना सगळ्यांदेखत अभिनंदनाच्या सुरात सांगितलं होतं, "चीनमध्ये आता विजेचं काम फार सुबक करायला लागलेत हं!" ते स्टँड त्या बाईंनी पॅरिसहून आणले होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगितलं होतं. तेव्हापासून त्या माझ्या मेव्हणीबाईंशी बोलत नाहीत.

एवढं प्रास्ताविक अशासाठी, की साडूंच्या मुलीचं, ईशाचं, लग्न ठरायची वेळ आली तेव्हा आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर का लागला, हे वाचकांना कळावं. खरं तर मुलानं आणि मुलीनं ठरवलेलंच होतं. ओंकार इथेच एका बँकेत काम करणारा, गुणी मुलगा. वडील इथल्याच एका कंत्राटदाराकडे सर्व्हेअर होते, ते काही वर्षांपूर्वी वारले. आता अल अझीझिया भागातल्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याची आई, दोघंच. पण आईचा होकार नव्हता. नकारही नव्हता. ओंकारच्या आई साताऱ्याकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. "माणसं बघू दे मला, मग सांगते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि ओंकारनं ईशाजवळ मन मोकळं केलं होतं, की आई एकदा नाही म्हणाली की मी तिच्या मनाविरुद्ध लग्न करू शकणार नाही; तिला माझ्याशिवाय कुणी नाही. ईशा हे सांगायला आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "मावशी, आय नो बाबा. ही विल टर्न समथिंग अराउंड."

शुक्रवारी दुपारी चहाला जायचं ठरलं. निघण्यापूर्वी ईशानं स्वतःच्या वडिलांची झडती घेतली. आरसा, भिंग, टॉर्च, तिन्ही काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकले. "बाबा, प्लीज. डोन्ट टच एनिथिंग. एनिथिंग!"

"अगं, मी काय लहान मूल आहे? नाही लावणार हात. शब्द देतो."

गाडीत मेव्हणीबाईंनी पुन्हा बजावलं. "अहो, तिथं सोन्याची लंका जरी असली ना, तरी तुम्ही समोरून बघायची, आणि छान आहे म्हणायचं."

"समोरून काय कळणार?"

"काही कळू नये म्हणूनच सांगतेय!"

माझ्यावर एकच काम सोपवलं होतं. साडूंच्या शेजारी बसायचं आणि ते उठायला लागले की शर्टाची बाही ओढायची. इतकं जबाबदारीचं काम मला कंपनीतही कुणी दिलेलं नाही.

घर साधं आणि विलक्षण स्वच्छ. सोनेरी खुर्ची नाही की टेबल नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. ओंकारच्या आईंनी साडूंना, वडीलधारे म्हणून, मधल्या सोफ्यावर बसवलं. "बसा की निवांत," म्हणाल्या. समोर काचेचं शोकेस. त्याच्या मधल्या कप्प्यात, ओंकारच्या वडिलांच्या फोटोशेजारी, एक जुनं टेबलावरचं घड्याळ. वर पुस्तक वाचत बसलेली एक बाई, खाली पानाफुलांची नक्षी. पिवळंधमक, लख्ख. मी साडूंच्या बाहीवर हात ठेवला. ते हललेसुद्धा नाहीत. ईशानं तिन्ही हत्यारं काढून घेतली होती, माझा पहारा होता, कपाटाला कुलूप होतं. फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. शोकेसच्या पाठीला, आपल्याकडच्या सगळ्या शोकेसना असतो तसा, आरसा होता.

साबुदाण्याचे वडे आले, चहा आला. ओंकारच्या आई ईशाकडे वळल्या. "मराठी बोलतेस का गं?"

"हो काकू. थोडं थोडं. पण समजतं सगळं."

"समजतंय ना, मग झालं. आमचा ओंकार बोलतो सगळं, समजत काही नाही."

सगळे हसले. गाडी रुळावर होती. तेवढ्यात मला जाणवलं, की साडूंचा चहाचा कप ओठांजवळ गेला आहे आणि तिथेच थांबला आहे. ते डावीकडे झुकले. मग उजवीकडे झुकले. मग मान लांब करून थोडे वर झाले. मी बाही ओढली. माझ्या बायकोनं घाईनं सांगितलं, "भावोजींची मान आखडलीये जरा. एसीनं."

"घड्याळ बघताय होय?" ओंकारच्या आई म्हणाल्या. "बंद आहे ते. यांच्या शेखनी, कंपनीच्या मालकांनी, दिलं होतं, त्यांची मजलिस नवी केली तेव्हा. पितळेचंच आहे आपलं. पण मी दर दसऱ्याला चिंच आणि मीठ लावून, काथ्यानं घासून काढते बघा. वर सरस्वती बसलीय ना! यांच्या हातनं घरात आलंय म्हणून पूजेलाही ठेवते." त्या घड्याळाकडे बघून थोड्या हसल्या. त्या घरात तेवढी एकच वस्तू होती, जिच्याबद्दल त्या आपण होऊन बोलल्या.

साडूंनी डोळे मिटून घेतले. कप बशीत ठेवला. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी बोलण्याआधी विचार करताना पाहिलं नव्हतं. आता ते करत होते, आणि त्यामुळे माझी भीती वाढली. समोर ईशा खुर्चीच्या कडेवर आली होती. तिचे ओठ फक्त हलले. "बाबा, नो."

"वहिनी," साडू म्हणाले, "पुष्कळ वर्षं घासताय का?"

"आलं तेव्हापासून की. ओंकार शाळेत होता."

"वहिनी, ते पितळ नाही. ब्राँझ आहे. आणि त्याच्यावर सोनं होतं. पाऱ्याचा मुलामा, जुना, फ्रान्सकडचा. तुम्ही ते घासून काढलंत."

ओंकारनं घसा खाकरला. "काका, आर यू शुअर?"

"मी हात लावलेला नाही," साडूंनी आधी ईशाकडे बघून खुलासा केला. "पण मागे आरसा आहे. पाठ कच्ची आहे आणि कडेनं सोनं ओघळलंय. हे हातानं केलेलं काम आहे. याच्यात शंका नाही."

"अहो, पुरे!" मेव्हणीबाई म्हणाल्या, पण आता बाण सुटला होता.

ओंकारच्या आईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. "सोनं?" त्यांनी विचारलं.

"सोनं."

"खरं?"

"खरं."

त्या उठल्या आणि आत निघून गेल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. ओंकार अर्धवट उठला, पुन्हा बसला. वडे निवत होते. मेव्हणीबाईंनी नवऱ्याकडे न बघता, दातांवर दात ठेवून म्हटलं, "मोडलंत ना पोरीचं लग्न? कशासाठी? त्या मेल्या पितळेसाठी!"

"पितळ नाही," साडू हळूच म्हणाले.

त्या वेळी मला त्यांचा संताप आला होता, हे मी लपवत नाही. मुलीचं आयुष्य एका बाजूला आणि कुणाच्या तरी बंद घड्याळावरचं सोनं दुसऱ्या बाजूला, यातलं जड काय, हे कळायला हिशेबनीस असावं लागत नाही. पण साडूंच्या कपाळावर घाम आलेला दिसला आणि माझा राग तिथेच अडला. काय झालं ते त्यांना कळत होतं. चांगलंच कळत होतं. तेवढ्यात ईशा उठली. कुणालाही न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेली. नळ बंद झाला. आतलं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही.

दोघी बाहेर आल्या तेव्हा ओंकारच्या आईंनी तोंड धुतलेलं होतं. त्यांनी शोकेसचं कुलूप काढलं, घड्याळ दोन्ही हातांनी उचललं, टीपॉयवरची वड्यांची थाळी कोपरानं सरकवली आणि ते साडूंपुढे ठेवलं.

"दाखवा. आता कुठं उरलंय?"

साडूंचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. ईशानं पर्स उघडून भिंग आणि टॉर्च बापाच्या हातात दिले. साडू जमिनीवर मांडी घालून बसले. ओंकारच्या आईही शेजारी बसल्या. काथ्या जिथं जिथं पोचला होता तिथं सोन्याचा लवलेश नव्हता; गाल, खांदे, पुस्तकाचं मुखपृष्ठ, सगळं उघडं ब्राँझ. पण पुस्तकाच्या पानांच्या फटींत, वस्त्राच्या चुण्यांच्या तळाशी, केसांच्या पेडांत ते शिल्लक होतं. त्याचा रंगच वेगळा. मऊ, उबदार. साडू एकेक जागा दाखवत होते आणि त्यांचा आवाज, का कोण जाणे, लहान मुलाला पाखराचं घरटं दाखवताना असतो तसा झाला होता.

ओंकारच्या आई भिंगातून बघत राहिल्या. मग घड्याळाकडेच बघत बोलल्या. "हे घेऊन आले ना, तेव्हा दारातनंच ओरडले होते. अगं, शेखनी सोन्याचं घड्याळ दिलं! मी बघितलं आणि म्हणाले, उन्हातान्हात एवढी वर्षं राबलात, आणि पितळ देऊन बोळवण केली तुमची. तुम्हाला कुणीही फसवावं. ते म्हणायचे, अगं, सोनं आहे. आल्यागेल्यासमोर मी हसायचे. मग म्हणेनासे झाले."

फोटोतले गृहस्थ अर्धवट हसत होते. ओंकार खिडकीबाहेर बघत होता.

"खरं बोलत होते की हो ते," त्या म्हणाल्या.

"हो," साडू म्हणाले. "आणि शेखलाही त्यांची किंमत होती. असली वस्तू कुणी वाटेल त्याला देत नाही."

त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मग पहिल्यांदाच साडूंकडे नीट, रोखून पाहिलं. "तुम्हाला गप्प बसता आलं असतं. तुमच्या पोरीचा प्रश्न होता. तेवढं तरी मनात आलं का?"

"आलं. बराच विचार केला."

"मग?"

"मग वाटलं, दसरा जवळ आलाय. तुम्ही परत घासाल."

क्षणभर त्यांना कळेना. मग त्या हसल्या. हसता हसता पुन्हा रडल्या, आणि ईशाचा हात धरून म्हणाल्या, "तुझे बाबा घरी पण असेच आहेत?"

"वर्स, काकू," ईशा म्हणाली.

"साखरपुडा इथंच करायचा, की नाशकात?" ओंकारच्या आईंनी मेव्हणीबाईंना विचारलं, आणि निवलेले वडे गरम करायला आत नेले.

लग्न नाशिकला झालं. पुढे साडू निवृत्त होऊन तिकडेच स्थायिक झाले. जाण्यापूर्वी ते विहीणबाईंसाठी एक मऊ केसांचा ब्रश घेऊन गेले होते आणि हेही सांगून बघितलं होतं, की पुन्हा मुलामा देणारे लोक अजून युरोपात आहेत. विहीणबाई नको म्हणाल्या. नुसता ब्रश फिरवत राहिल्या. आता चिंच बंद झाल्यापासून ते उघडं ब्राँझ दर वर्षी थोडं थोडं काळवंडत चाललं आहे, आणि जसजसं ते काळं पडतं तसतशा चुण्यांमधल्या सोन्याच्या रेघा उठून दिसू लागल्या आहेत. हल्ली सोफ्यावरूनही दिसतात. साडूंचा फोन येतो तेव्हा ते आधी घड्याळाची चौकशी करतात आणि मग मुलीची. मुलीला त्याचं काही वाटत नाही, ती त्यांना फोटो पाठवते. मला मात्र शुक्रवारी जेवणं झाल्यावर चुकल्यासारखं होतं. भिंतीवरचं माझं घड्याळ कुणी पालथं करत नाही, आणि श्रीखंड सगळं संपतं.

परवा अल अझीझियाला गेलो होतो. ओंकारच्या ऑफिसातलं एक नवं जोडपं आलं होतं. विहीणबाई त्यांना म्हणाल्या, "ते घड्याळ बघितलं का? सोन्याचं आहे. आमच्या यांना मिळालं होतं." त्या दोघांनी त्या काळपट घड्याळाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि अदबीनं मान हलवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसलं, विहीणबाईंनाही दिसलं. त्यांनी वाद घातला नाही. फोटोवरची धूळ पदरानं टिपली आणि पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे, म्हणाल्या, "सोन्याचं आहे."